अर्धी होडी

आमच्या धंद्यात होडी अर्धीच काढतात. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती हसली होती, पण ते खरं आहे. जहाज कितीही मोठं असो, त्याची डावी बाजू काढायची, मध्ये एक सरळ रेषा धरायची आणि एक बटण दाबायचं. उजवी बाजू आपोआप उमटते. टगबोटी, बार्ज, समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणारी जहाजं, हे सगळं मी बारा वर्षं असंच काढलं. आधी मुंबईत, मग सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात. दुसऱ्या अर्ध्याबद्दल कुणी मला कधी काही विचारलं नाही आणि मलाही तो प्रश्न पडला नाही.

त्यामुळे रोमन होडीशी गाठ पडली तेव्हा माझी जी त्रेधा उडाली, ती धड कुणाला समजावून सांगण्यासारखीही नव्हती.

ती आमच्याकडे यायचं खरं म्हणजे काहीच कारण नव्हतं. पण दोन हजार दहानंतरच्या त्या दशकाच्या मध्यावर तेलाचे भाव कोसळले आणि नवी जहाजं बांधणं थांबलं. ऑफिसातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. रिकाम्या खुर्च्या काही दिवस तिथेच राहायच्या, मग कुणीतरी त्या भिंतीशी एकात एक घालून ठेवायचं. एका सोमवारी कॉफीचं मशीनही गेलं. अशात आमच्या मॅनेजरनं कुठूनतरी हे काम ओढून आणलं. ती चिनी सिंगापूरकर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, बोलण्यात फटकळ पण आतल्या गाठीची नव्हती. तिनं सांगितलं ते असं. रोमजवळच्या एका जुन्या, बुजलेल्या बंदराच्या गाळात दोनेक हजार वर्षांपूर्वीची होडी सापडलेली होती. कुणा सम्राटाची वगैरे नव्हे. साधी कामाची होडी. मोठ्या जहाजांतून उतरवलेला माल तिच्यात भरायचा आणि काठावरून दोरानं ओढत नदीतून शहरापर्यंत न्यायचा. तिचे तुकडे एका संग्रहालयात होते, प्रत्येक तुकड्याचं लेझरनं स्कॅन झालेलं होतं. ते तुकडे कॉम्प्युटरवर जुळवून आम्ही अख्खी होडी उभी करून द्यायची.

"धिस वन यू डू नाइसली," मॅनेजर म्हणाली, "देन गॉट सेकंड बोट. सेकंड बोट कम, यू स्टे. नेव्हर कम, आय अल्सो काँट हेल्प."

माझा एम्प्लॉयमेंट पास जुलैत संपत होता. नवऱ्याची नोकरी आदल्या वर्षीच गेली होती आणि तो माझ्या पासच्या आधारानं डिपेंडंट म्हणून राहत होता. मुलगी पुंगोलमध्ये आमच्या ब्लॉकखालच्या किंडरगार्टनमध्ये जायची, जानेवारीत पहिलीला जाणार होती, आणि आपण कधीतरी इथून जाऊ हे तिला माहीतही नव्हतं. म्हणजे आमच्या तिघांचा मुक्काम माझ्या पाकिटातल्या एका कार्डावर, आणि ते कार्ड आता या होडीवर. हे मी स्वतःला रोज सकाळी एलआरटीच्या छोट्या गाडीत बसल्याबसल्या सांगायचे आणि रोज तितकंच विचित्र वाटायचं.

स्कॅन आले आणि मला पहिल्याच आठवड्यात घाम फुटला. आम्ही जहाज बांधताना आधी सांगाडा उभा करतो, मग त्यावर पत्रा चढवतो. या लोकांनी सगळं उलटं केलं होतं. आधी बाहेरचं कवच. फळीच्या कडेला फळी लावायची, दोन्ही कडांत खाचा पाडायच्या, खाचेत लाकडी पट्टी बसवायची, वरून खुंटी ठोकायची, की पुढची फळी. फासळ्या त्यानंतर आत घालायच्या. मग आकार आला कुठून? नकाशा नाही, सांगाडा नाही, मध्यरेषा नाही. एक सुतार फळीला फळी लावत गेला, मधूनमधून लांब उभं राहून बघत गेला, आणि होडी झाली. मला त्या माणसाचा मनापासून राग आला. इतकी वर्षं गाळात राहून त्याच्या खाचा अजून स्वच्छ होत्या आणि मला त्याचं काय चाललंय ते कळत नव्हतं.

त्यात होडी गाळात आडवी पडलेली. डावी बाजू चिखलात रुतली म्हणून टिकली, उजवी वर राहिली म्हणून कुजून गेली. तेव्हा मला हायसं वाटलं हे कबूल करते. अर्धी होडी! हे तर आपलं रोजचंच. मी डावी बाजू जुळवली, रेषा सरळ केल्या, बटण दाबलं. उजवी बाजू उमटली. स्क्रीनवर एक नेटकी, बेतशीर होडी तरंगायला लागली आणि बऱ्याच दिवसांनी मी जेवायच्या सुट्टीत खाली जाऊन शांतपणे चिकन राइस खाल्ला.

फक्त दोन गोष्टी राहिल्या. पहिली म्हणजे सात तुकडे. हातभर, वीतभर लांबीचे. उत्खनन करणाऱ्या बाईंनी त्यांच्यापुढे 'उजवी बाजू' असं लिहून एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं. माझ्या उजव्या बाजूत ते कुठेच बसेनात. फिरवून बघितले, उलटे केले, पुढे नेले, मागे आणले. खाचांमधलं अंतर जुळेना, बाक जुळेना. दुसरी गोष्ट म्हणजे दोराच्या खांबाची बैठक. ओढायचा दोर ज्या खांबाला बांधत, तो ज्या खाचेत उभा राही ती खाच मध्यरेषेवर नव्हतीच. चांगली चार बोटं एका अंगाला होती आणि तिच्या आसपासच्या तळाच्या फळ्यांना एक पीळ होता.

चार दिवस मी डोकं खाजवलं. मग जे आमच्या धंद्यातल्या कुणीही केलं असतं तेच केलं. खांबाची खाच मातीच्या वजनानं सरकली असणार असं ठरवलं, माउसनं धरून ती मध्यावर आणली आणि फळ्यांचा पीळ काढून टाकला. सात तुकड्यांपुढचं प्रश्नचिन्ह पुसलं आणि तिथे लिहिलं, 'नंतरची दुरुस्ती, मूळ होडीचा भाग नाही'. रिपोर्टात दुरुस्ती हा शब्द फार सोयीचा असतो. काहीही त्यात खपतं.

आई मार्चअखेर आली. व्हिजिट पासवर, दोन महिन्यांसाठी. तिनं पुण्यात येरवड्याला चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. तिच्याकडे येणाऱ्या बायका म्हणजे भाजीवाल्या, धुण्याभांड्याला जाणाऱ्या, बांधकामावरच्या, हॉस्पिटलातल्या आया. त्या ब्लाउजांवर मी इंजिनिअर झाले. हातात काम नसलं की आईला पायात गोळे येतात, म्हणून मी तोआ पायोहच्या एका जुन्या ब्लॉकमधल्या आंटीकडून तिच्यासाठी जुनं शिलाई मशीन आणलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी आईनं मशीनचं चाक फिरवून, कान लावून, मान हलवून पसंती कळवली आणि आंटीनं वर सुयांचं एक पाकीट दिलं.

होडीत आईला भारी रस. मी घरी लॅपटॉप उघडला की ती मागे उभी.

"कुणाची गं ही?"

"रोमन लोकांची."

"ते सांगितलंस तू. मालक कोण? ओढायचं कोण?"

"माहीत नाही आई. काठावरून बैल ओढायचे म्हणतात, नाहीतर माणसं."

"मग माणसंच," आई म्हणाली. "बैल महाग पडतो."

मुलगी जमिनीवर चित्र रंगवत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "आजी, दॅट बोट डाय ऑलरेडी लाह. नो नीड टू पुल."

मेच्या सुरुवातीला एका शुक्रवारी संग्रहालयाची मंजुरी आली. दुपारी चारला व्हिडिओ कॉल असायचा, तेव्हा तिकडे सकाळ असे. उत्खनन करणाऱ्या त्या बाई पांढऱ्या केसांच्या, शांत, इंग्रजी सावकाश बोलणाऱ्या. फार सुंदर झालीय होडी, असं त्या म्हणाल्या. आता माझ्या फाइलवरून एक लोखंडी पाळणा कापला जाणार होता. कितीतरी वर्षं औषधात भिजवून मग वाळवलेलं ते खरं लाकूड त्या पाळण्यात मांडायचं होतं. लाकूड आता खारी बिस्किटाइतकं नाजूक झालंय, म्हणून पाळणा त्याच्या मापाचा हवा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दहा दिवसांनी कापायला सुरुवात. मॅनेजरनं कॉल संपल्यावर माझ्या टेबलावर एक कोपी, म्हणजे इथली दुधाची कॉफी, आणून ठेवली. तिच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच. त्या संध्याकाळी मी मुलीला पहिलीच्या दप्तराचे रंग दाखवले.

त्या महिन्यात वेसाक डेला, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेला, इथल्या आमच्या मराठी मंडळींनी वंदना ठेवली होती. पांढरी साडी माझ्याकडे होती. ब्लाउज आई शिवणार होती. रविवारी दुपारी तिनं मला हॉलमध्ये उभं केलं आणि टेप काढला. छाती, कंबर, मुंढा, बाही. मग डावा खांदा. मग उजवा. मग पुन्हा डावा. मग पुन्हा उजवा.

"हात सोड. सरळ उभी राहा."

"सरळच उभीय."

आईनं हं केलं. कापड दुहेरी दुमडून टेबलावर पसरलं, खडू घेतला, आणि एक रेघ मारून थांबली. मग तिनं घडी उलगडली आणि कापड एकेरी पसरवून पहिल्यापासून आखायला लागली.

लहानपणापासून मी तिचं कटिंग पाहत आले आहे. कापड दुमडलं की एका कात्रीत दोन्ही बाजू निघतात. घडी उलगडायची म्हणजे दुप्पट काम.

"घडी का मोडलीस?"

"तुझे खांदे एक नाहीयेत. उजवा खाली आलाय, चांगला बोटभर."

मला एकदम झोंबलं ते. "काहीतरीच! मी काय पाट्या वाहते?"

"पाट्या नाही वाहत. पण दिवसभर उजव्या हातानं काहीतरी करतेस ना." तिनं हवेत माउस फिरवून दाखवला, अगदी माझ्यासारखा, कोपर आवळून. "त्या टोपलीवाल्या यायच्या बघ माझ्याकडे. त्यांचा डावा खुबा वर असायचा. आयांची पाठ एका अंगाला. पोरीबाळींचं मी दुमडून कापते. कामाच्या बाईचं उलगडूनच कापावं लागतं. नाहीतर गळा सरकतो, आणि ती बिचारी दिवसभर पदर ओढत बसते, तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय."

"मी ऑफिसात बसते आई. एसीत."

"हो," आई म्हणाली आणि कापायला लागली.

मी बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभी राहिले. पुष्कळ वेळ काही दिसेना. मग दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. उजवा खांदा खरंच खाली होता. माझे सगळे ड्रेस उजवीकडे घसरतात, बॅग त्या खांद्यावर टिकत नाही, हे इतकी वर्षं मी कपड्यांचा आणि बॅगेचा दोष म्हणून सोडून दिलं होतं. आईनं एका टेपात ओळखलं. मला रडू आलं, आणि कशाचं ते कळेना. लाज वाटली म्हणावं तर कुणाची? मी ज्या बायकांपासून शिकूनसवरून लांब आले होते, आईनं मला सहज त्यांच्यात उभं केलं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटतंय की बरं, हेच समजेना. बाहेर मशीन चालू झालं होतं.

सोमवारी गाडीतही मी घुश्श्यातच होते. औट्रम पार्कला गाडी बदलताना नेहमीप्रमाणे बॅग उजव्या खांद्यावरून घसरली. ती सावरताना डोक्यात काहीतरी हललं. विचार असा म्हणता येणार नाही, नुसतं अस्वस्थ वाटलं. कामाची होडी. रोज तोच काठ, तोच दोर, त्याच बाजूनं ओढ. आणि मी तिला दुमडून कापली होती.

ऑफिसात पोचल्यावर मी फाइलची प्रत काढली आणि उजवी बाजू पुसून टाकली. नुसती डावी बाजू, तळ आणि रिकामी जागा. खांबाची खाच स्कॅनमध्ये होती तिथे परत नेली. फळ्यांना त्यांचा पीळ दिला. मग सात तुकडे घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत तीन तुकडे एका ओळीत बसले, कडेला कड लागली, खाचेसमोर खाच आली. बुधवारी पाच झाले. त्या पाचांवरून जी उजवी बाजू निघत होती ती डावीपेक्षा फुगीर होती, खालून जास्त भरलेली. उरलेले दोन तुकडे कुठेच जाईनात. आणि कॉम्प्युटरवर पाण्यात सोडली की रिकामी होडी किंचित डावीकडे कलून उभी राहायची.

का? मला कळेना. ओढणाऱ्याच्या बाजूला तोंड वळू नये म्हणून सुतारानं मुद्दाम तशी बांधली? की त्याच्या हाताला तसंच वळण होतं? की लाकूड तसं मिळालं? की मी आता मनात भरलंय म्हणून वाकडं बघतेय? हे शेवटचं मला फार छळायचं. मागच्या आठवड्यात हेच तुकडे मला दुरुस्ती वाटत होते. आता तेच पुरावा वाटत होते. तुकडे काही बदलले नव्हते. जी बाई एका ब्लाउजवरून होडीचं मत बदलते, तिच्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "पास जुलैत आहे. मेल ऑगस्टमध्ये कर."

"तोपर्यंत पाळणा कापून होईल. लाकूड त्यात ठेवतील."

"ठेवू दे ना. तुझी खात्री आहे का?"

"नाही."

"मग? खात्री नसताना आपल्या तिघांना परत पाठवणार तू?"

त्याचं काही चुकत नव्हतं, तेच तर अवघड होतं. आई भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "ते लाकूड मोडेल का?"

"बहुतेक. तळाच्या फळ्यांना पीळ आहे आणि पाळणा सपाट आहे. वजन आलं की तडकतील. नक्की नाही सांगता येत."

"हं," आई म्हणाली आणि निवडलेल्या देठांची पुडी बांधली. ती काहीतरी सांगेल, निदान एक बाजू तरी घेईल असं मला वाटत होतं, आणि तिनं घेतली नाही याचा रागही आला.

शुक्रवारी सकाळी मी मॅनेजरला सांगितलं. तिनं दोन्ही होड्या शेजारीशेजारी बघितल्या.

"क्लायंट अप्रूव्ह ऑलरेडी. व्हाय यू वाँट टू गो अँड पोक?"

मी पाळण्याचं सांगितलं.

"यू शुअर ऑर नॉट?"

"नॉट शुअर."

"नॉट शुअर अल्सो यू वाँट टू टेल?" ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. जहाजांमध्ये तिचीही पंचवीस वर्षं गेली होती, तिला ते पाच तुकडे दिसत होते. "कॉल इज अ‍ॅट फोर," ती शेवटी म्हणाली. "आय डोन्ट जॉइन. यू टॉक, यू टॉक युवर ओन."

चारला मी एकटीच कॉलवर बसले. मी तयार केलेली वाक्यं सगळी विसरले आणि सरळ तीन गोष्टी सांगितल्या. मी अर्धी होडी काढून बटण दाबलं. खांबाची खाच मी सरकवली. आणि ते सात तुकडे दुरुस्तीचे आहेत असं म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता, मी नुसतं तसं लिहिलं. मग नवी होडी दाखवली. पाच तुकडे बसतात, दोन बसत नाहीत, होडी कलते, का कलते ते मला माहीत नाही, असंही सांगितलं.

बाई चष्मा काढून स्क्रीनजवळ आल्या. इतक्या जवळ की मला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. मग त्यांनी आधी फोन उचलला आणि त्यांच्या भाषेत कुणाशी तरी भरभर बोलल्या. फोन ठेवून म्हणाल्या, पाळण्याच्या पहिल्या दोन पट्ट्या आजच सकाळी कापल्या. सोमवारी सुरू करायचं होतं, पण लोखंड लवकर आलं. आता थांबवलंय.

मग त्यांनी चष्मा परत लावला.

"ते प्रश्नचिन्ह माझं होतं," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वर्षं मी ते बाळगलं. तुम्ही ते पुसलंत तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं." मग त्यांनी विचारलं, हे तुमच्या लक्षात कसं आलं? मी म्हणाले, माझी आई शिंपीण आहे. त्यांना वाटलं माझं इंग्रजी घसरलं असावं. त्यांनी मान हलवली आणि आम्ही फळ्यांच्या मापांवर आलो.

वेसाक डेला मी तो ब्लाउज घातला. वंदनेला बसले, उठले, खीर वाढली, मुलीच्या मागे धावले. संध्याकाळी घरी येताना लक्षात आलं की दिवसभरात एकदाही मी खांदा सावरला नव्हता. हे आईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझ्या डोक्यात जुलै होता.

जूनमध्ये मी दुरुस्त फाइल पाठवली. दुसरी होडी आली नाही. जुलैत पास वाढला नाही. मॅनेजर म्हणाली, "मार्केट लाइक धिस. नॉट बिकॉज ऑफ यू." तेलाचे भाव आणखी खाली गेले होते हे खरं. संग्रहालयाचं काम दोन महिने लांबलं आणि आमच्या कंपनीला ते महागात पडलं हेही खरं. मी गप्प बसले असते तर आम्ही पुंगोलला राहिलो असतो का, हे मला आजही कळलेलं नाही. नवऱ्यानं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यानं काढला असता तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. दप्तर मात्र मुलीनं निवडलेलंच घेतलं. ते घेऊन ती पुण्यात पहिलीला गेली आणि पहिले सहा महिने बाईंना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'लाह' म्हणत राहिली.

मी आता कॉलेजात शिकवते. फळ्यावर लिहिते, उभी असते, माउस क्वचितच धरते. परतल्याला दोन वर्षं झाली तेव्हा उत्खनन करणाऱ्या त्या बाईंनी एक फोटो पाठवला. होडी पाळण्यात मांडलेली. तळ पिळलेला, खांबाची खाच एका अंगाला, उजवीकडे फक्त पाच तुकडे आणि बाकी मोकळी हवा. शेजारी काचेच्या छोट्या पेटीत ते दोन तुकडे, आणि पाटीवर नुसतं प्रश्नचिन्ह. एकही फळी तडकली नव्हती. मी तो फोटो आईला दाखवला. तिनं मोबाइल लांब धरून, जवळ धरून बघितला.

"कललीय की गं."

"हो. ती तशीच आहे."

त्याच दुपारी मी तिच्याकडे नवा ब्लाउज टाकायला गेले होते. आईनं टेप घेतला. मी सरळ उभी राहिले, जरा जास्तच सरळ. मनात एक आशा होती, ती तिला सांगण्यासारखी नव्हती. ते काम सुटून दोन वर्षं झाली होती, आतापर्यंत खांदा परत वर आला असेल. तिनं डावा मोजला. उजवा मोजला. पुन्हा मोजले नाहीत. कापडाची घडी टेबलावर तयार होती. तिनं माझ्याकडे न बघता ती उलगडली आणि एकेरी कापडावर खडू ठेवला.